ससे कुणाचे? श्रॉपशरमधल्या एका परवानगीचं प्रकरण

"मालकाला विचारलंस का कुळाला?"

आबांचा हा प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला. रविवारचा नेहमीचा फोन होता. इथल्या एका शेतकऱ्यानं त्याच्या रानात ससे मारायची मला परवानगी दिली, असं मी मोठ्या कौतुकानं सांगत होतो. आधी त्यांना ते पटेचना. आमच्या कराडच्या बाजूला ससा मारला तर वनखात्याची केस होते, माणूस आत जातो. इथं शेतकरी आपण होऊन मारा म्हणतो, हे ऐकून ते थोडा वेळ गप्प झाले आणि मग त्यांनी हा प्रश्न टाकला. मी म्हटलं, "आबा, हे इंग्लंड आहे. इथं कूळबीळ काही नसतं."

पुढचे चार महिने या एका वाक्याची भरपाई करण्यात गेले. ओळखीतली तीन-चार मराठी मंडळी एअर रायफल घेऊन बसली आहेत आणि रान कसं मिळवायचं म्हणून विचारतात. म्हणून हे सगळं एकदा नीट मांडून ठेवतोय, माझ्या चुकांसकट.

बंदुकीला परवाना नाही, पायाला आहे

मी श्रॉपशरमध्ये राहतो. एका अंगाला वेनलॉक एजचा लांबच लांब कडा, दुसऱ्या अंगाला क्ली टेकड्या आणि मधून कॉर्व्ह नदीचं खोरं. माती तांबडी, थेट कोकणातली वाटावी अशी. मेंढ्या, गहू, आणि बांधाबांधाला काटेरी हॉथॉर्नच्या जुन्या कुंपणांच्या रांगा. त्या कुंपणांच्या बुडाशी ससे.

आधी शब्दाचा एक घोळ मिटवायला हवा. आपण दोन वेगळ्या प्राण्यांना एकच 'ससा' म्हणतो. महाराष्ट्राच्या माळावर दिसतो तो इथल्या भाषेत 'हेअर'. लांब पायांचा, एकटा राहणारा, बीळ न करणारा. पिकाचं वाटोळं करतो तो 'रॅबिट', बिळं करून टोळीनं राहणारा. कायद्याच्या एका तरतुदीत ते दोघं जोडीनं येतात, पण शेतकऱ्याच्या मनात दोघांची जागा फार वेगळी असते. या लेखात मी नुसतं ससा म्हटलं की रॅबिट समजा.

आता कायदा, जेवढा लागतो तेवढाच. इंग्लंडमध्ये १२ फूट-पाउंडपर्यंत ताकदीची एअर रायफल १८ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही विनापरवाना घेता येते. स्कॉटलंडमध्ये तसं नाही, तिथं २०१६च्या ३१ डिसेंबरपासून सर्टिफिकेट लागतं. विनापरवाना मिळते म्हणून लोकांना वाटतं, मामला सोपा. पण १९६८च्या बंदूक कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय आणि सबळ कारणाशिवाय दुसऱ्याच्या जमिनीवर एअर रायफल घेऊन पाऊल टाकलं, की तो बंदुकीसह अतिक्रमणाचा गुन्हा. छर्रा भरलेला असो वा नसो. सबळ कारणाशिवाय रस्त्यानं नेली तरी गुन्हा. आणि तुम्ही परवानगीच्या जागेत उभे असलात, पण छर्रा बांध ओलांडून शेजाऱ्याच्या रानात गेला आणि शेजाऱ्याची हरकत नाही असं तुम्हाला दाखवता आलं नाही, तर तो आणखी वेगळा गुन्हा. थोडक्यात, बंदूक दुकानातून आणायला अर्धा तास लागला आणि ती चालवायला जागा मिळवायला दीड वर्ष.

बारा पत्रं आणि एक अंड्यांचा खोका

सुरुवातीला मी पत्रं पाठवली. बारा शेतांवर, सुंदर टाइप केलेली. मी कोण, काय करतो, विमा आहे, जबाबदारीनं वागेन वगैरे. एकाचं 'नको, धन्यवाद' असं उत्तर आलं. अकरांचं काहीच आलं नाही.

तेव्हा राग आला होता. आज वाटतं, मीही उत्तर दिलं नसतं. त्या भागात शेतावरून क्वाड बाइक चोरीला जातात, डिझेलच्या टाक्या रिकाम्या होतात. शिवाय हेअरमागे कुत्री सोडून पैजा लावणाऱ्या टोळ्या येतात. फाटकं तोडतात, उभ्या पिकातून गाड्या घालतात, हटकलं तर अंगावर येतात. २०२२मध्ये कायदा करून त्या प्रकाराच्या शिक्षा वाढवाव्या लागल्या, इतका तो बोकाळला होता. अशा मुलखात अनोळखी नावाचा माणूस लिहितो, की मला तुमच्या शेतावर संध्याकाळच्या वेळी बंदूक घेऊन यायचंय. कोण हो म्हणेल?

दुसरा प्रयत्न याहून वाईट झाला. एका शेतावर प्रत्यक्ष गेलो, पण अंगात नवीन घेतलेलं हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचं शिकारी जॅकेट. दार बाईंनी उघडलं, तेही अर्धंच. मागे कुत्रं भुंकत होतं. त्या सौजन्यानं 'मालक घरी नाहीत' म्हणाल्या, आणि मालक मागच्या गोठ्यात दिसत होते.

ज्या शेतावर शेवटी जमलं, तिथं मी काही मागायला गेलोच नव्हतो. त्यांच्या फाटकाशी एक लाकडी खोका असतो. आत अर्ध्या डझनाच्या पेट्या आणि शेजारी नाणी टाकायचा पत्र्याचा डबा. कुणी बघत नाही, पैसे टाका आणि अंडी न्या. मी दोन वर्षं तिथून अंडी नेत होतो. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मालक फाटकाची बिजागरी बसवत होते. माझी नजर पलीकडच्या गव्हाकडे गेली आणि मी सहज विचारलं, "कडेला उगवलाच नाही का?"

"उगवला होता," ते म्हणाले. "या, दाखवतो."

पेरणी ऑक्टोबरातली. मधला गहू बोटभर आलेला, दाट हिरवा. पण कुंपणापासून बारा पावलांपर्यंतची पट्टी झाडून काढलेल्या अंगणासारखी स्वच्छ. हिरवं आणि तांबडं यांच्यामधली रेघ सरळ नव्हती, बिळांच्या तोंडासमोर ती अर्धगोलात आत शिरलेली. जिथं बीळ मोठं तिथं गोल मोठा. जमिनीवर बोराच्या बियांएवढ्या लेंड्यांचे ढीग, हॉथॉर्नच्या मुळांखालून ताजी उकरलेली माती. दरवर्षी तीन बांधांवर हीच तऱ्हा, असं ते म्हणाले. वर शेजारी तक्रार करतो ती वेगळीच. १९५४च्या एका कायद्यानं जवळजवळ सगळ्या इंग्लंडात आपल्या रानातले ससे आटोक्यात ठेवण्याची जबाबदारी जमीन ताब्यात असणाऱ्यावर टाकली आहे. म्हणजे ससे खाणार ह्यांचा गहू, आणि शेजाऱ्याच्या नुकसानीबद्दल बोलणीही ह्यांनाच.

मी म्हटलं, माझ्याकडे एअर रायफल आहे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी त्या दिवशी साधा स्वेटर घालून होतो, हातात अंड्यांची पेटी. "दोन वर्षं डब्यात बरोबर पैसे टाकतोस तो तूच ना?" त्यांनी विचारलं. मग हात पुढे केला. म्हणाले, लागतील तेवढे ने.

त्याच रविवारी मी आबांना फोन केला.

मग जमीन कुणाची?

आबांचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून पुढच्या शनिवारी अंडी घेताना विचारलं. "जमीन तुमचीच ना?"

ते हसले. "माझे आजोबा भाडं भरायचे, वडील भरायचे, मी भरतो."

जमीन एका मोठ्या इस्टेटीची. इस्टेट म्हणजे आपल्याकडच्या जहागिरीसारखं प्रकरण. हजारो एकर, त्यावर अनेक कुळं, आणि कारभार बघायला एजंट, म्हणजे दिवाणजीच. भाडेकरारात शिकारीचे हक्क इस्टेटीनं स्वतःकडे राखलेले. ते तिनं पुढे एका शिकारमंडळाला वार्षिक भाड्यानं दिलेले. मंडळाचे सभासद हिवाळ्यात फेझंट नावाचे पक्षी मारतात. फेझंटची पिल्लं वाढवून ऐन उन्हाळ्यात रानात सोडायला आणि त्यांची राखण करायला पगारी गेमकीपर.

म्हणजे ज्या बांधावर मला ससा मारायचा, त्याच्यावर मालक एक, कसणारा दुसरा, शिकारीचा हक्कदार तिसरा आणि राखणदार चौथा. आणि मी हात मिळवला होता फक्त दुसऱ्याशी.

आपल्याकडे निदान सातबारा काढता येतो, मालक कोण आणि पीकपाहणीत कोण कसतंय ते एका कागदावर दिसतं. इथं सरकारी जमीन नोंदणीत काही पौंड भरून मालकाचं नाव मिळतं. पण सात वर्षांहून लांब मुदतीचे भाडेपट्टेच नोंदवावे लागतात, वर्षावर्षाच्या कराराचं कूळ त्या कागदावर सापडत नाही. ते विचारूनच कळतं. आणि मी विचारलं नव्हतं.

इथं मला सोडून द्यावंसं वाटलं होतं. पण वाचता वाचता एक जुना कायदा हाती लागला, आणि या प्रकरणाचा सगळा जीव त्यातच आहे. १८८०चा 'ग्राउंड गेम' कायदा. ग्राउंड गेम म्हणजे फक्त हेअर आणि रॅबिट. त्या काळी जमीनदार शिकारीसाठी ससे आणि हेअर राखायचे आणि ते खायचे कुळाचं पीक. कुळानं हात लावला तर करारभंग. १८७०च्या दशकात हंगाम एकामागून एक बुडाले, कुळं रडकुंडीला आली. ग्लॅडस्टनचं सरकार आलं आणि गृहमंत्री विल्यम हारकोर्टनी हे विधेयक मांडलं. तेव्हापासून जमीन ज्याच्या ताब्यात, त्याला त्या जमिनीवरचे ससे आणि हेअर मारण्याचा हक्क आहे. शिकारीचे हक्क दुसऱ्याकडे असले तरी हा हक्क त्याच्या जोडीनं राहतो. हा हक्क सोडून देतो असं कुळानं करारात लिहून दिलं तरी ते कलम रद्द.

ते शेवटचं वाचून मी आबांना पुन्हा फोन लावला. त्यांच्या आवाजात जरा विजय होता. आमची तीन एकर कुळकायद्यातली. माझे आजोबा दुसऱ्याची जमीन खंडानं करायचे. १९५७च्या १ एप्रिलला, कृषकदिनी, कायद्यानं कूळ मालक मानलं गेलं. मग हप्ते भरले, आणि जमीन खरेदीचं ३२-म चं सर्टिफिकेट अजून देव्हाऱ्याखालच्या पेटीत आहे. "बघ," आबा म्हणाले, "तिथं कुळाला ससा दिला. इथं जमीन दिली."

पण हा हक्क शेतकऱ्याचा होता, माझा नव्हता. आणि तो दुसऱ्याला देण्याची वाट त्या कायद्यानं मुद्दामच अरुंद ठेवली आहे. अधिकार लेखी हवा. अधिकार देता येतो तो घरात राहणाऱ्या माणसांना, शेतावरच्या नोकरांना, किंवा ससे मारण्यासाठी मोबदला देऊन खरोखर कामाला लावलेल्या एका बाहेरच्या माणसाला. आणि बंदूक वापरायची तर कूळ स्वतः अधिक फक्त एक जण. बर्मिंगहॅमचा माझा मित्र महिनाभर 'मला पण ने रे' म्हणत होता. त्याला नाही सांगावं लागलं, आणि तो अजून थोडा फुगलेला आहे.

सूर्यास्तानंतर एक तास झाला की बंदूक बंद, ती सूर्योदयाच्या आधी एक तासापर्यंत. रात्री दिवा लावून मारायचं असेल तर शिकारीचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याचीही लेखी संमती लागते. आम्ही त्या वाटेला गेलोच नाही.

कागद

कागद त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिला गेला. मजकूर मी घरून करून नेला होता, कायद्याच्या भाषेत, दीड पान. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि पेन घेऊन निम्मा खोडला. उरलं ते असं: अमुक शेताचा कब्जेदार म्हणून मी, तमुक माणसाला माझ्या रानातले ससे बंदुकीनं मारण्याच्या कामावर नेमतो. मग रानांची नावं. इथं प्रत्येक तुकड्याला नाव असतं, आपल्या 'वरची पट्टी', 'विहिरीचं वावर' सारखं. त्यात दोनदा 'लेझो' शब्द आला, तो श्रॉपशरचा जुना शब्द, म्हणजे कुरण. मला वाटलं शब्द चुकला, मी दुरुस्त करायला गेलो. त्यांनी माझा हात बाजूला केला.

मोबदल्यापाशी आम्ही अडलो. मला पैसे नको होते. पण कायद्याला मोबदला हवा. किती, ते कायदा सांगत नाही. त्यांच्या पत्नी चहा ओतत होत्या. त्या म्हणाल्या, "महिन्याला डझनभर अंडी लिहा." ते लिहिलं गेलं. न्यायालयात ही अंडी टिकली असती की नाही, त्याची परीक्षा कधी झाली नाही.

हेअरची ओळ त्यांनी स्वतः घातली: हेअर मारायचे नाहीत. कायद्यानं मुभा होती, पण त्यांच्या रानात तीनच हेअर होते आणि ते तिघं त्यांना ओळखीचे होते. बाकी अटी तोंडीच ठरल्या. फाटक जसं असेल तसं सोडायचं, उघडं असेल तर उघडं. मेंढ्या वितात त्या मार्च-एप्रिलमध्ये यायचं नाही. सार्वजनिक पायवाट वरच्या कुरणातून जाते, त्या दिशेला कधीच नेम धरायचा नाही. येण्याआधी फोन, गेल्यावर फोन. दुसऱ्या कुणाला आणायचं नाही. आणि मेलेला ससा रानात सोडायचा नाही.

विम्यासाठी मी बीएएससी या शिकारी-संघटनेचं सदस्यत्व घेतलं. ही रेक्सहॅमजवळच्या मार्फर्ड मिलमधली. १९०८मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्यांनी काढलेली ही संघटना. सदस्याच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा तिच्याकडे असतो. कागदाची एक प्रत शेतकऱ्याकडे, एक माझ्याकडे. इस्टेटीच्या एजंटाला आम्ही दोघांनी मिळून एक सभ्य पत्र पाठवलं, नुसतं कळवायला. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: शिकारीचे हक्क राखीव आहेत, ग्राउंड गेमबाबत कुळाचे कायदेशीर हक्क आम्ही जाणतो. ना हो, ना नाही. दिवाणजी सगळीकडचे सारखेच.

मला मात्र वाटलं, जिंकलो. कायदा माझ्या खिशात होता. गेमकीपरला भेटायची गरजच काय?

कागद गाडीत होता

फेब्रुवारीतली तिसरी खेप. पहिल्या दोन खेपांना मी सात तास चिखलात पडून एकही ससा मारला नव्हता. एअर रायफलचं अंतर फार थोडं. मी स्वतःला ३० यार्डांची मर्यादा घातली होती, कारण तेवढ्यावरच माझे सलग दहा छर्रे कागदावरच्या दोन पेन्सच्या नाण्यात बसत होते. डोक्यात नेमका बसला तरच ससा जागीच मरतो, नाहीतर जखमी होऊन बिळात जातो आणि तिथं तडफडतो. त्या संध्याकाळी वारा तोंडावर होता. कुंपणाच्या कडेनं कोपरांवर सरपटत गेलो. एक ससा बिळाच्या तोंडाशी येऊन बसला, कान मावळतीच्या उन्हात आतून गुलाबी दिसत होते. पंचवीस यार्ड. नेम धरला होता, बोट चापावर होतं, आणि मागून क्वाड बाइकचा आवाज आला. ससा गेला.

गेमकीपर खाली उतरला. साठीचा, ट्वीडची टोपी, आवाज शांत. मी बंदूक रिकामी करून जमिनीवर ठेवली.

"तुम्ही कोण?"

सांगितलं. शेतकऱ्याचं नाव सांगितलं, १८८०चा कायदासुद्धा सांगितला, ते नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

"मग कागद असेल."

"आहे. गाडीत."

"गाडी?"

"शेतावर. अर्धा मैल."

त्यानं मान हलवली. "मग कागद नाही म्हणायचा."

तो बरोबर होता. त्या कायद्यातच लिहिलंय की शिकारीचा हक्कदार, किंवा त्यानं लेखी नेमलेला माणूस, मागेल तेव्हा अधिकारपत्र दाखवावं लागतं. न दाखवल्यास तुम्ही अधिकृत माणूस मानले जात नाही. सात तास चिखलात पडणारा मी नेमका तो कागद भिजू नये म्हणून गाडीत ठेवून आलो होतो. आता मागणाऱ्याकडेही लेखी अधिकार हवा, हेही कायद्यातच आहे. पण पायाशी बंदूक पडलेली असताना हा मुद्दा काढायचा नसतो, एवढी अक्कल मला तोवर आली होती.

त्यानं पोलिसांना बोलावलं नाही. मला क्वाडच्या मागोमाग शेतापर्यंत चालत नेलं, कागद बघितला, मोठ्यानं वाचला, अंड्यांपाशी थबकला. मग शेतकऱ्याकडे वळून म्हणाला, "मला एक फोन केला असता तर?" आणि निघून गेला.

शेतकरी माझ्यावर चिडले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला होता. इथं या जुन्या करारांत दर तीन वर्षांनी भाड्याची फेरबोलणी करता येते आणि त्यांची बोलणी त्याच वसंतात होती. एजंट आणि गेमकीपर एकाच पबमध्ये बसतात. ससे मारण्याचा त्यांचा हक्क कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. पण भाडं वाढवताना माणसं कायदा सोडून बाकीचंही लक्षात ठेवतात. हे मला, कुळाच्या घरातल्या माणसाला, दुसऱ्या कुणी सांगायची गरज पडायला नको होती.

पुन्हा पहिल्यापासून

दुसऱ्याच दिवशी मी गेमकीपरच्या घरी गेलो. बंदूक नाही, जॅकेट नाही. कायद्याचं नावही काढलं नाही. चूक झाली म्हणालो आणि विचारलं, मी आलेलं तुम्हाला कधी आणि कुठं अडचणीचं होतं?

त्यानं अर्धा तास सांगितलं. फेझंटचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. शिकारीच्या दिवसाच्या आधल्या संध्याकाळी त्या रानात कुणी फिरलं तर पक्षी उठून दुसऱ्या खोऱ्यात जातात, सभासद बोंब मारतात. जुलै-ऑगस्टमध्ये पिल्लं सोडतात तेव्हा झाडीजवळचे दोन तुकडे वर्ज्य. बाकी वर्षभर त्याला माझा त्रास नव्हताच. त्याला त्रास होता तो अंधारात बंदूकवाला कोण आहे हे माहीत नसण्याचा. शेवटी म्हणाला, "ससे मलाही नको आहेत. त्यांच्या बिळांनी माझी क्वाड दोनदा उलटली."

तेव्हापासून एक साधा रिवाज पडला. निघताना मी दोघांना मेसेज टाकतो: कुठला तुकडा, किती ते किती, गाडी कुठं उभी आहे. कागद आता जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आतल्या खिशात, बटण लावून. पुढं कुणीही मागितलेला नाही.

त्या वर्षात मी सदतीस ससे मारले. हा आकडा ऐकून कुणी वाहवा करू नये, त्यासाठी एकोणतीस संध्याकाळी लागल्या. गव्हाची ती झाडून काढलेली पट्टी पुढच्या हिवाळ्यात बारा पावलांवरून चार-पाचवर आली. याचं श्रेय शेतकरी मला देतात, पण मला ते घेता येत नाही. त्या शरदात बिळांपाशी सुजलेल्या डोळ्यांचे, आंधळे झालेले ससे दिसू लागले होते. मिक्सोमॅटोसिस. १९५३मध्ये केंटमध्ये हा रोग पहिल्यांदा आला आणि दोन-तीन वर्षांत देशातले बहुतेक ससे मेले. अजूनही तो अधूनमधून फिरतो. माझ्या सदतिसांपेक्षा त्यानं किती जास्त नेले, ते बिळांनाच ठाऊक. तसा ससा दिसला की मी मारतो, खाण्यासाठी नाही.

बाकीचे घरी येतात. शेतकऱ्याच्या घरी दोन सोलून द्यायचे, उरलेले आमचे. बायकोनं सुरुवातीला पातेलं वेगळं ठेवलं होतं. मग एकदा कराडहून आलेल्या कांदा-लसूण चटणीत रस्सा केला आणि पातेल्याचा प्रश्न मिटला. गुरुवार आणि चतुर्थी पाळूनच. बंदूक कपाटात कुलूपबंद, किल्ली माझ्यापाशी. घरात अठराच्या आतलं कुणी असेल तर ती त्याच्या हाती लागणार नाही याची काळजी घेणं इथं कायद्यानंच बंधनकारक आहे, आणि आमची धाकटी कपाटं उघडण्यात पटाईत आहे.

गेल्या जूनमध्ये आबा आले होते. त्यांना शेत बघायचं होतं, मी नेलं. दोघं म्हातारे कुंपणाशी उभे राहिले, मी मधे दुभाषा. आबांनी पहिला प्रश्न केला, खंड किती? मी तो जरा गोड करून विचारला. शेतकऱ्यांनी आकडा सांगितला, आबांनी तोंडातल्या तोंडात एकराचा हिशेब केला आणि कपाळाला हात लावला. मग विचारलं, तुमच्या माघारी पोराला मिळणार का?

शेतकरी लगेच काही बोलले नाहीत. त्यांचा करार जुन्या पद्धतीचा. त्यात वारसानं कूळ म्हणून येण्याच्या दोनच पाळ्या असतात. वडील एका पाळीनं आले, हे दुसऱ्या. मुलाला हक्क म्हणून काही नाही. १९९५च्या कायद्याखाली नवा, ठरावीक मुदतीचा करार इस्टेटीनं दिला तर दिला.

पुढच्या सप्टेंबरात ते निवृत्त होताहेत. माझा कागद त्यांच्या कब्जाला बांधलेला आहे, कब्जा संपला की कागद संपला. मुलाची इस्टेटीशी बोलणी चालू आहेत, अजून सही नाही. मी गेमकीपरला विचारलं, तर तो म्हणाला, मंडळाकडून खारी मारायचा कागद तुला मिळवून देतो, करड्या खारी त्याच्या दाण्याचे डबे कुरतडतात. त्या कागदाचा मजकूर मी या वेळी लिहून नेलेला नाही. त्यालाच लिहायला सांगितलाय.